हेक-रास: फुकट मिळणारं पुराचं सॉफ्टवेअर, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात वापरून काय वाटलं

पुराचं मॉडेलिंग करायचंय, बजेट नाही, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं आमच्याकडची सिव्हिलची मुलंमुली सारखी विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी हेक-रास वापरते, सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यासाठी, आणि माझा विषय एवढाच की पाऊस बदलत चाललाय तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पाणी कुठवर येईल. त्या कामाला हे कितपत उपयोगी पडतं तेवढंच सांगते. धरणफुटी, गाळ, पाण्याची गुणवत्ता हे पण यात होतं पण ते मी फारसं केलेलं नाही.

अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर दलाचं कॅलिफोर्नियात डेव्हिसला जलविज्ञान केंद्र आहे, ते हे बनवतात. पहिली आवृत्ती १९९५ ची, तेव्हा नदी म्हणजे एक रेघ आणि तिच्यावर ठराविक अंतराने आडवे छेद, इतकंच होतं. २०१६ च्या ५.० पासून पाणी मैदानात चहूकडे पसरताना दाखवता यायला लागलं, ज्याला सगळे टूडी म्हणतात, आणि २०२१ च्या ६.० मध्ये जागोजागचा वेगवेगळा पाऊस थेट जाळीवर, म्हणजे भूभागाचे पाडलेल्या चौकोनांवर, पाडता येतो, जमिनीत मुरणं धरता येतं, पूल पण टूडीत बसवता येतात. किंमत शून्य. लायसन्स नाही, कॉलेजचा ईमेल लागत नाही, डाऊनलोड करा आणि सुरू करा. तालुक्याच्या गावातल्या पोरीला घरच्या कॉम्प्युटरवर तेच साधन मिळतं जे अमेरिकेतली सरकारी खाती वापरतात, ही गोष्ट मला अजूनही फार मोठी वाटते.

आता आपल्या नद्यांना हे का जुळतं ते. सांगलीत पूर नुसता वरून येत नाही. कोयनेचा विसर्ग येतो, हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, त्याच्याही खाली कर्नाटकात हिप्परगी बंधारा आणि मग अलमट्टी धरण, आणि नदीला उतार इतका कमी की खालचं पाणी तुंबलं की वरचं थांबतं आणि दिवसेंदिवस थांबूनच राहतं. ज्या मॉडेलमध्ये पाणी फक्त वरून खाली ढकलायचं गणित असतं त्यांना हा फुगवटा दिसतच नाही. हेक-रासचा मूळ पिंडच फुगवट्याचा आहे, म्हणून संगमाजवळची पातळी ते नीट धरतं. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची का यावर आपल्याकडे एवढं बोललं जातं, तर खालच्या टोकाला दोन्ही पातळ्या आळीपाळीने घालून, एकाच पावसाचे दोन रन करून, म्हणजे मॉडेल दोनदा चालवून, फरक किती फुटांचा आणि कुठल्या गावापर्यंत पोचतो हे कुणालाही तपासता येतं. नुसतं भाषण ऐकून बाजू घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. टूडीत सुरुवातीला डिफ्यूजन वेव्ह नावाचं सोपं समीकरण निवडलेलं असतं, आपल्या संथ पुराला ते बहुतेक जागी पुरतं पण पुलापाशी आणि संगमापाशी पूर्ण समीकरण लावून एकदा तुलना कराच.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे जाळीचा एक चौकोन पन्नास मीटरचा घेतला तरी त्याच्या पोटातले चढउतार ते विसरत नाही, आतल्या बारीक भूगोलावरून किती पातळीला किती पाणी मावेल हा तक्ता प्रत्येक चौकोनासाठी आधीच तयार करून ठेवतं. त्यामुळे साध्या मशीनवर पण मोठा पट्टा चालवता येतो. फक्त रस्त्यांचे भराव स्वतः ब्रेकलाईन, म्हणजे उंचवट्यावरून जाणारी रेघ, काढून जाळीला दाखवावे लागतात. शिरोलीजवळचा पुणे-बेंगळुरू हायवेचा भराव घ्या, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा तिथे पाणी येऊन हायवे कित्येक दिवस बंद होता, आता तिथे ब्रेकलाईन नाही टाकली तर मॉडेलमध्ये पाणी भराव नसल्यासारखं आरपार जातं आणि नकाशा दिसायला छान येतो पण खोटा असतो. ओढ्यांच्या मोऱ्यांचंही तसंच, एकेक मोरी जाऊन बघावी लागते, किती बुजलीय ते पण.

सगळ्यात जास्त जीव अडकलाय तो रास मॅपरमधल्या, म्हणजे हेक-रासच्या नकाशे दाखवणाऱ्या भागातल्या, एका नकाशात, पाणी कुठे किती वाजता पोचेल हा नकाशा. खोलीचे निळे नकाशे सगळेच छापतात. पण शिरोळ, पलूस, करवीरच्या गावांना खरा प्रश्न हा असतो की गावाबाहेर जायचा शेवटचा रस्ता कधी बुडतो. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी गाव बेट झालेलं असतं, जनावरं सोडून जायचं का या विचारात माणसं थांबतात आणि मग बोटीशिवाय इलाज राहत नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ते विसरता येत नाही. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांना पण पाठ आहे, पण ४३ ला तुमच्या गावचा कुठला रस्ता गेला आणि त्यानंतर किती तास हातात आहेत हे गावागणिक वेगळं असतं, आणि हेक-रास ते काढून देतं. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा एक नकाशा लागला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता त्रास कुठे होतो. जमिनीच्या उंचीत. सॉफ्टवेअर फुकट आहे पण चांगला भूगोल फुकट नाही. आपण बहुतेक जण एसआरटीएम नावाचा उंचीचा नकाशा घेतो, तो २००० च्या फेब्रुवारीत अवकाशातून रडारने मोजलेला, ३० मीटरचा. त्या रडारला झाडाचा शेंडा, घराचं छप्पर, उभा ऊस यांच्याखालची माती स्वच्छ दिसत नाही, आणि नदीच्या पाण्याखालचा तळ तर अजिबातच नाही. त्याची चूक कित्येक मीटरची असू शकते. आणि आपल्याकडे फरक किती, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी जवळपास ५४ फूट, २०१९ ला ५७ च्या पुढे, म्हणजे दोन ऐतिहासिक पुरांमधला फरक मीटरभर आणि नकाशातली चूक त्याच्या कितीतरी पट! युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा नकाशा बराच बरा आहे, इस्रोच्या भुवन या वेबसाईटवर कार्टोडेम हा उंचीचा नकाशा मिळतो तो पण बघा, पण नदीचे छेद मात्र सर्व्हेचेच हवेत. मला एका कार्यालयातून छेद मिळाले ते फिकट झेरॉक्सवर, आकडे हाताने टाईप करावे लागले, आणि उंची कुठल्या संदर्भापासून मोजलीय तेच त्यावर नव्हतं. संशोधनाचा निम्मा वेळ यातच जातो हे धरूनच चला.

आणि बदलत्या हवामानाचं काय? इथे नीट समजून घ्या कारण बरेच जण चुकीची अपेक्षा घेऊन येतात. हेक-रासमध्ये हवामानबदल असं काही बटण नाही. त्याला पाऊस किंवा विसर्ग द्यायचा असतो, तो भविष्यातला आणायची जबाबदारी आपली. पाणलोटात पडलेल्या पावसाचं नदीतलं पाणी करायला याचंच भावंड एचएमएस आहे, ते पण फुकट, दोघं एकमेकांच्या फाईली वाचतात. भविष्यातल्या पावसासाठी आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०२० ला दक्षिण आशियासाठी १३ हवामान मॉडेलांचा दुरुस्त केलेला डेटा खुला केलाय, मी तिथून सुरुवात केली. पण तो पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किलोमीटरचा एक चौकोन, रोज एक आकडा. आपल्या घाटात गगनबावड्याला वर्षाला काही हजार मिलिमीटर आणि तिथून पूर्वेला शिरोळकडे गेलं की काही शे, एवढा उतार तीन-चार चौकोनांत कसा मावणार? घाटमाथ्याचा पाऊस त्यात कमीच दिसतो, तो स्थानिक पर्जन्यमापकांवरून सुधारून घ्यावा लागतो.

हे सगळं करायचं कशासाठी तर जुन्या आकड्यांवर आता भागत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या टीमने २०१७ ला दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, तिकडे चिपळूण बुडालं, इकडे कृष्णा-कोयना फुगल्या. आणि आपल्या पूररेषा बघा, निळी रेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या, हे गणित जुन्या नोंदींवर, पाऊस बदलत नाही असं धरून केलेलं. त्यात लोकांना वाटतं शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता आपल्या हयातीत नाही. प्रत्यक्षात दर वर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के, चारात एक, आणि ती पण पाऊस वाढलाच नाही तर! पंचगंगेने २०१९ आणि २०२१ असं तीन वर्षांच्या आत दोनदा ५५ फूट ओलांडले.

म्हणून माझं ठाम मत, एक रन करून एक रेघ काढून देऊ नका. १३ मॉडेलं, दोन-तीन उत्सर्जनाचे अंदाज, धरणं ऑगस्टच्या सुरुवातीला किती भरलेली हे वेगवेगळं धरून, सगळे रन करा आणि किती रनमध्ये अमुक गल्ली बुडाली ते सांगा. कोयना १०५ टीएमसीचं धरण, ते आधीच भरलेलं आहे की जागा आहे यावर त्याच पावसाचा पूर वेगळा होतो आणि दरवाजे माणसं उघडतात, तो निर्णय हेक-रासला आपणहून कळत नाही, तक्ता आपण द्यायचा. एवढे रन हाताने करणं अशक्य, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून चालवायला शिका, जमतं.

बाकी थोडक्यात. मुख्य प्रोग्राम विंडोजचा आहे. ६ ची आवृत्ती ग्राफिक्स कार्ड वापरत नाही म्हणून महागडं कार्ड घेऊ नका, प्रोसेसर चांगला घ्या आणि रॅम १६ जीबी तरी. इंजिनिअर दलाबाहेरच्या लोकांना मदत द्यायला ते बांधील नाहीत पण मॅन्युअल इतकं मन लावून लिहिलंय की बहुतेक उत्तरं त्यात सापडतात. सोबत मंसी नावाचं नमुन्याचं प्रोजेक्ट येतं, इंडियानातल्या व्हाईट नदीचं, ते आधी पूर्ण करा मगच कृष्णेला हात लावा. मॅनिंगचा खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे जमीन पाण्याला किती अडवते तो, उसाच्या रानाला पुस्तकातला गवताचा लावू नका, ऑगस्टचा ऊस पाण्याला भरपूर अडवतो, मी तो बराच वाढवल्यावर २०१९ ची पातळी जुळायला लागली. फुकटात एवढं मिळतं म्हणून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो नकाशा फार आत्मविश्वासाने रंगवतं म्हणून, चूक किती असू शकते हे चित्रात कुठेच दिसत नाही.

आणि एक विनंती पूरपट्ट्यातल्या सगळ्यांना, मॉडेल बरोबर आहे का हे तपासायला तुमच्या भिंतीवरच्या खुणांसारखा पुरावा नाही. एका आजींनी मला देवळीच्या कितव्या विटेला पाणी होतं ते दाखवलं आणि त्या एका खुणेवरून अख्ख्या गल्लीची पातळी दुरुस्त करता आली. ज्यांच्या घरावर २०१९ किंवा २०२१ ची खूण अजून आहे त्यांनी या दिवाळीला रंग देण्याआधी उंबरठ्यापासून टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा, पाणी सर्वात वर कुठल्या दिवशी होतं ते आठवत असेल तर लिहा आणि मोबाईलवरचं लोकेशन त्याच्यासोबत जपून ठेवा.