बाळासाठी धुऊन वापरायचे वाइप्स: जाड दुपदरी घ्यावेत की एकपदरी मलमल?

बाळाच्या शी-शूसाठी धुऊन वापरायचे वाइप्स घ्यायचे हे ज्यांचं साधारण ठरलंय, पण कोणते घ्यायचे यावर गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या घरी दोन्ही प्रकार वापरून झाले. एक, ऑनलाइन मिळणारे जाड दुपदरी, एका बाजूला टेरी, म्हणजे टॉवेलसारखं फाशांचं कापड, आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅनेल, म्हणजे मऊ लवदार सुती कापड. दुसरे घरचे: साताऱ्याच्या मोती चौकातून मलमल आणली, वीतभर चौकोन कापले आणि कडेला पिको करून घेतली.

पाकिटातल्या ओल्या वाइप्सचा विषय थोडक्यात आटोपतो. सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही, एसटीच्या प्रवासात आम्हीही एक पाकीट जवळ ठेवतो. फक्त मागची घटकांची यादी वाचून घ्या. त्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे माल टिकवण्यासाठी घालतात ते रसायन दिसलं तर ते पाकीट जागेवर ठेवून द्या. त्वचेला ॲलर्जी करणारं म्हणून अमेरिकेतल्या एका त्वचारोगविषयक संघटनेनं २०१३ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जन’ ठरवलं होतं, आणि अंगाला लावून न धुता तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरायला युरोपीय संघात २०१७ पासून बंदी आहे. वाइपचं पाणीही आपण पुसल्यावर धूत नाही, ते कातडीवरच राहतं.

आता मुख्य तुलना. जाड वाइप्सचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो. टेरीच्या बारीक फाशांत शी नीट अडकते, नुसती पसरत नाही. बाळ नाचणीसत्त्व, वरणभात खायला लागलं की शी घट्ट आणि चिकट होते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. एका हातात बाळाचे दोन्ही पाय धरलेले असताना दुसऱ्या हाताला एकच वाइप पुरतो, आणि ओल तळव्यापर्यंत येत नाही. मलमलीचे एका वेळी दोन तरी लागतात, किंवा घडी उलटून परत पुसावं लागतं. नुसत्या पुसण्याचा विचार केला तर माझ्या मते जाड वाइप सरस आहे.

तरीही मी मलमलीकडे झुकलो, त्याचं कारण साताऱ्याचा पावसाळा. यवतेश्वराच्या डोंगराकडून ढग खाली उतरले की कधी कधी ओळीनं कित्येक दिवस ऊन दिसत नाही. झिमझिम थांबत नाही, घरात दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर दुपटी, झबली, लंगोट आधीच लटकलेले. जाड वाइप्स सकाळी वाळत घातले की संध्याकाळी वरून कोरडे लागायचे. पण जिथं दोन पदर शिवलेले असतात त्या कडा चिमटीत धरल्या की आतली ओल कळायची. आईची पद्धत सोपी आहे: कापड गालाला लावायचं, गार लागलं तर अजून ओलं आहे. त्या कडा दुसऱ्या दिवशीही गार लागायच्या. घडी करून डब्यात ठेवले की झाकण उघडताच कुबट वास. इस्त्री फिरवली तर वरचा पदर कडक व्हायचा आणि आत दमटपणा तसाच. मलमल मात्र रात्री पंख्याखाली पसरली की सकाळी खडखडीत. राहिलीच थोडी दमट, तर इस्त्रीच्या एका फेऱ्यात काम होतं.

ही नुसती गैरसोय असती तर मी चालवून घेतली असती. पण धुऊन वापरायचे वाइप्स सुरक्षित आहेत की नाहीत, हे बरंचसं ते पूर्ण वाळतात की नाही यावरच ठरतं. ओलसर कापडात जंतू आणि बुरशी वाढते, आणि लंगोटाखालची जागा मुळातच उबदार, दमट असते. बाळाच्या पुरळाचं कारण दर वेळी वाइपच असेल असं अजिबात नाही, दोन-तीन दिवसांत लाली उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवावंच. पण वास येणारं कापड आपण आपल्या तोंडाला लावणार नाही, ते बाळाला का लावायचं?

धुण्याचं तंत्र दोन्हींना सारखंच. शी आधी संडासात झटकून, खळाळून घ्यायची, मग वाइप झाकणाच्या कोरड्या बादलीत टाकायचा. पाण्यात भिजत ठेवू नका. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे भरलेली बादली त्याच्या वाटेत नकोच. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर कढत पाणी आणि नंतर ऊन. उन्हानं पिवळे डागही फिके होतात. पावडर बेतानं घ्यावी. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशक द्रवाचे थेंबही नकोत, नाजूक कातडीला ते झोंबतात. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर नीट निघत नाही, आणि जाड कापडात ती जास्तच अडकून बसते असा आमचा अनुभव.

ओले करून ठेवायचे तर त्या दिवसापुरतेच. आम्ही वाइप्स कोरडेच ठेवतो आणि उकळून कोमट केलेलं पाणी थर्मासमधून वाटीत घेऊन ऐन वेळी भिजवतो. त्यात सुगंधी तेलं वगैरे काही घालत नाही. तोंड पुसायचे तुकडे वेगळे, त्यांना पिकोचा दोरा लाल लावून घेतलाय, म्हणजे झोपेतही गफलत होत नाही.

तुम्ही जत, आटपाडीकडे राहत असाल, वर गच्ची असेल आणि वर्षातले बहुतेक दिवस ऊन मिळत असेल, तर जाड वाइप्स खुशाल घ्या, पुसायला ते खरंच बरे. कपडे वाळवायचं मशीन घरात असेल तरी हरकत नाही. पाटण, जावळी, शिराळा किंवा आमच्यासारखं सातारा शहर असेल, तर मी मलमलच सांगेन. फार तर चार-पाच जाड वाइप्स उन्हाळ्यासाठी ठेवावेत. मलमल नवी घेतली तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला: खळ निघून जाते, कापड आटायचं तेवढं आटतं आणि चौकोन नंतर वाकडे होत नाहीत. घरात जुनं धोतर असेल तर तेवढंही करावं लागत नाही.