रेड सन (१९७१): बंदुकीच्या गावात तलवार

काउबॉय आणि सामुराई एकाच पिक्चरमध्ये, असं कुणी सांगितलं की मी आधी हसतो आणि मग रात्री एक वाजेपर्यंत जागून तो पिक्चर बघून टाकतो. हा मात्र दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा एका अ‍ॅपवर बघितला होता, नाव घेत नाही, पण त्यांनी दोन्ही बाजूंनी फ्रेम कापून चौकोनी केलेली प्रिंट टाकली होती, त्यामुळे दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान एवढंच दिसायचं. मग मित्राकडून डिस्क आणली, पूर्ण रुंदीत बघितला आणि कळलं की त्या चौकोनी प्रिंटमध्ये आपण अर्धा पिक्चर बघितलाच नव्हता.

गोष्ट साधी आहे. १८७० साल, जपानचा राजदूत अमेरिकेत रेल्वेने वॉशिंग्टनला चाललाय, सोबत राष्ट्राध्यक्षांना भेट द्यायची एक मौल्यवान तलवार. लिंक (चार्ल्स ब्रॉन्सन) आणि गॉश (अलँ दलाँ) यांची टोळी गाडी लुटते, गॉश जाता जाता तलवार उचलतो, एका सामुराईला मारतो आणि स्वतःच्या पार्टनरलाही उडवायला बघतो. लिंक वाचतो. मग राजदूताचा दुसरा सामुराई, कुरोदा (तोशिरो मिफुने), त्यालाच वाटाड्या म्हणून धरतो आणि दोघं गॉशच्या मागे निघतात. मुदत सात दिवस, तेवढ्यात तलवार नाही मिळाली तर कुरोदाला हाराकिरी. त्यात मेख अशी की लिंकला गॉश जिवंत पाहिजे कारण लुटीचे पैसे कुठे पुरलेत ते फक्त त्यालाच माहितीये, आणि कुरोदाला तो दिसल्या दिसल्या कापायचाय. दोघं एकाच वाटेने चाललेत पण हिशेब वेगळा, आणि सगळी मजा तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. मार्शल आर्ट आणि वेस्टर्न (म्हणजे काउबॉयवाले पिक्चर) एकत्र करायची खरी अडचण भाषा, कपडे वगैरे नाहीच, अडचण आहे अंतराची. वेस्टर्नमध्ये दोन माणसं वीस पावलांवर उभी राहतात, डोळे बारीक करतात, आणि ठो. तलवारीला मात्र हातभर अंतरावर यावं लागतं आणि लाथ मारायची तर त्याहूनही जवळ. म्हणजे सरळ उघड्या माळावर सामुराई आणि पिस्तुलवाला सोडले तर पिक्चर पाच सेकंदात संपतो आणि सामुराई खाली पडलेला असतो. दिग्दर्शकाला सतत काहीतरी जुगाड करून बंदुकवाल्याला जवळ आणावं लागतं. टेरेन्स यंगने (पहिल्या दोन बॉन्डपटांचा दिग्दर्शक, आणि त्यातल्या पहिल्यातली उर्सुला आंद्रेस इथेही आहे) हे बऱ्यापैकी ओळखलंय.

तो काय करतो, की पहिला बराच वेळ दोघांना नुसतं चालायला लावतो. उजाड डोंगर, दगड, धूळ. लिंक पळायला बघतो, कुरोदा परत आणतो. लिंक अंगावर धावून जातो, कुरोदा त्याला उचलून आपटतो, पुन्हा उठतो, पुन्हा आपटतो, आणि ब्रॉन्सनचं ते दगडी तोंड इतकं वैतागलेलं दिसतं की मी एकटाच बसून खिदळत होतो. इथे गोळीबाराचा प्रश्नच येत नाही, कारण लिंक हाताच्या अंतरावर आहे, आणि त्या अंतरात राजा कुरोदा. मग तो डासाचा सीन, गुणगुणणारा डास कुरोदा हवेतल्या हवेत तलवारीने कापतो आणि लिंक बघतच राहतो. तलवारीचा वेग नेमका किती हे प्रेक्षकाला सांगायला यापेक्षा स्वस्त आणि मस्त युक्ती मला तरी सुचली नसती. त्यानंतर कुरोदाने नुसता मुठीला हात लावला तरी आपण सावध होतो.

आणि मिफुने आणि ब्रॉन्सन हीच जोडी घेण्यात पण एक गंमत आहे बघा. मिफुने जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’मधला (१९५४), आणि त्याचंच अमेरिकेने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) केलं त्यात ब्रॉन्सन, म्हणजे दोघंही सातातले एक. वर मिफुने-कुरोसावाच्याच ‘योजिम्बो’वरून (१९६१) इटलीच्या सर्जिओ लिओनेने परवानगी न घेता १९६४ साली डॉलरवाला पहिला पिक्चर (‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’) काढला आणि नंतर जपान्यांना भरपाई द्यावी लागली. कुरोसावाला स्वतःला वेस्टर्नवाला अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्ड आवडायचा. म्हणजे माल अमेरिकेतून जपानला गेला, तिथून इटलीला, आणि तिथून स्पेनच्या अल्मेरियाच्या वाळवंटात, जिथे लिओनेने शूटिंग केलं आणि हा पिक्चर पण तिथलाच. इतका फिरून आलेला माल शेवटी एकाच धुळीच्या रस्त्यावर दोन माणसं म्हणून चालतो, एक शब्द न बोलता, हे मला जाम आवडलं.

कुरोदाला आतून माहितीये की आपला काळ संपत आलाय. ते खरंच संपत आलेलं होतं, पिक्चरच्या काळानंतर सहाच वर्षांनी, १८७६ साली, जपानमध्ये सामुराईंना उघड तलवार बाळगायला बंदी झाली. मिफुने हे डोळ्यांनी करतो, भाषण ठोकत नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या अर्ध्याबद्दल. कोमांची (अमेरिकेतली एक मूळ जमात) लोक येतात, ओरडतात, मरतात, बाकी त्यांना काही कामच नाही, त्या काळातल्या पिक्चरांची ही सवय आता बघवत नाही. बायकांना तर लिहिलेलंच नाही, आंद्रेस किंचाळते आणि पळते. शेवटची मारामारी उंच वेतासारख्या गवतात ठेवलीये, आणि ती जागा म्हणून एकदम करेक्ट, कारण दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, म्हणजे बंदुकीचं लांबचं अंतर गेलं आणि तलवारीला चान्स आला. पण इतकी भारी जागा शोधून मग त्यात इतकी गर्दी, आग आणि धावपळ केलीये की कोण कुठे आहे तेच कळेना. सेटअप शंभरचा, मारामारी साठची. त्यानंतर शेवट मात्र चांगला जमलाय, सांगत नाही.

हाच प्रकार पुढे लगेच खालच्या दर्जावर पण आला. १९७३ चा ‘शांघाय जो’, त्यात चिनी हिरो आणि क्लाउस किन्स्की, रक्त भरपूर, डोळा उपटण्यापर्यंत. मग १९७४ चा ‘द स्ट्रेंजर अँड द गनफायटर’, त्यात हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या पिक्चर कंपनीचे पैसे, लो लिए आणि ली व्हॅन क्लीफ, आणि खजिन्याचा नकाशा चार बायकांच्या पार्श्वभागावर गोंदलेला. आईबाबांसोबत लावू नका, मी लावला होता, रिमोट सापडेना. तिथे अंतराची अडचण सोडवायची तसदीच घेतलेली नाही, गुंड आपापल्या बंदुका विसरून एकेक करून लाथ खायला पुढे येतात. टाइमपास म्हणून चालतं, पण ‘रेड सन’ बघून झाल्यावर ते खटकतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. चालण्याच्या सगळ्या सीन्सना चार, गवतातल्या गोंधळाला अडीच. डिस्क घेणार असाल तर आधी कव्हरच्या मागे वाइडस्क्रीन लिहिलंय का ते बघून घ्या, नाहीतर तुम्हालाही ब्रॉन्सनचा कानच दिसेल.