नाताळ केप मेत की गॅल्व्हेस्टनला?

डिसेंबरात भारतातून आई-बाबा येणार असले की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत बेत ठरलेला असतो. रॉकफेलर सेंटरचं झाड, एखाद्या रात्री आसपासच्या सोसायट्यांमधली रोषणाई, आणि मग "नायगारा गोठलाय का?" याची चौकशी. हे सगळं झालं असेल किंवा टाळायचं असेल, तर समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या गावातला व्हिक्टोरियन थाटाचा नाताळ बघून यावा. अमेरिकेत त्यासाठी दोन नावं आधी पुढे येतात: न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाचं केप मे आणि टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन. न्यूपोर्टचंही नाव निघतंच, त्याबद्दल पुढे थोडक्यात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बर्फासाठी जायचं असेल तर या दोन्ही गावांचा नाद सोडा. केप मेला समुद्र तीन बाजूंनी वेढतो, त्यामुळे डिसेंबरात तिथे बहुतेकदा नुसता बोचरा वारा आणि पाऊस असतो. गॅल्व्हेस्टनला २००४च्या नाताळात बर्फ पडला होता, पण तिथले लोक अजून त्याच्या आठवणी सांगतात, यावरूनच काय ते समजा.

खरा फरक असा, की केप मेत नाताळ हा हंगाम असतो आणि गॅल्व्हेस्टनमध्ये ती जत्रा असते. एका ठिकाणी थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत कधीही जा, संथपणे काही ना काही चालू असतं. दुसरीकडे डिसेंबरचा पहिला शनिवार-रविवार गाठला तरच खरी मजा. तुमची सुट्टी २४ डिसेंबरला सुरू होत असेल, तर निम्मा निर्णय इथेच झाला.

केप मे

मध्य न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून सव्वाशे मैलांच्या आसपास. गार्डन स्टेट पार्कवेवर गाडी घातली की एक्झिटचे आकडे उतरत उतरत शून्यावर येतात, तिथेच गाव. दोन-अडीच तास धरा. फिलाडेल्फियाहून त्याहूनही कमी.

हे गाव आज जसं दिसतं, त्याला एक आग कारणीभूत आहे. नोव्हेंबर १८७८मध्ये लागलेल्या आगीत सुमारे ३५ एकरांतली हॉटेलं आणि घरं जळाली. पुन्हा बांधताना पूर्वीसारखी अवाढव्य हॉटेलं न उभारता लहान, नक्षीदार लाकडी घरं बांधली गेली. पुढे पैसेवाले पर्यटक अटलांटिक सिटीकडे वळले आणि केप मे मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच वाचलं. जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसाच गावात नव्हता. १९७६मध्ये अख्ख्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

नाताळात सुरुवात करावी एम्लेन फिझिक इस्टेटपासून. हे १८७९चं, अठरा खोल्यांचं घर. आराखडा फिलाडेल्फियाच्या फ्रँक फर्नेसचा मानला जातो. आत शिरण्याआधी रस्त्यावर उभं राहून धुराडी बघा. वर निमुळती व्हायची तर ती वर जाताना रुंद होत जातात, जणू कुणी उलटी बसवली आहेत. घराचा मालक डॉक्टरकी शिकला पण त्याने दवाखाना कधी थाटलाच नाही. आई आणि मावशीसोबत तो इथे राहिला. १९७०मध्ये हे घर पाडायला निघाले होते, तेव्हा ते वाचवण्यासाठी गावकऱ्यांनी संस्था काढली. आज तीच संस्था घर दाखवते, ट्रॉलीच्या (जुन्या ट्रामसारख्या दिसणाऱ्या बसच्या) फेऱ्या काढते आणि डिसेंबरातल्या काही ठरावीक शनिवारी संध्याकाळी मेणबत्त्यांच्या प्रकाशातली गृहदर्शनंही भरवते. त्या संध्याकाळी एकाच तिकिटावर सजवलेली खाजगी घरं, जुन्या खानावळवजा निवासांचे दिवाणखाने आणि चर्च बघत हिंडता येतं.

केप मेची बाजू सगळ्यात भक्कम होते ती इथे. व्हिक्टोरियन नाताळ हा मुळात दिवाणखान्यातला सण होता, रस्त्यावरचा नव्हे. राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र १८४८मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं. दोन वर्षांनी फिलाडेल्फियातल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने तेच चित्र उचललं, राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी खोडली आणि एक साधंसुधं अमेरिकन कुटुंब म्हणून छापलं. अमेरिकेतल्या घराघरांत झाड पोचायला या चित्राने मोठा हातभार लावला. केप मेला हवापालट करायला येणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू बायकांच्या टेबलावर हेच मासिक असायचं. म्हणून फिझिकच्या घरातलं झाड, पडद्यांच्या झालरी आणि मांडलेलं जेवणाचं टेबल बघताना हे सगळं उगाच उचलून आणल्यासारखं वाटत नाही.

झाडावर तेव्हा खऱ्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. विजेचे दिवे झाडावर पहिल्यांदा लावले ते १८८२मध्ये, न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी, एडवर्ड जॉन्सनने. हा थॉमस एडिसनचा सहकारी. एडिसन गावात राहणाऱ्यांनी पाहुण्यांना हे जरूर सांगावं, ज्या मेनलो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसनचा विजेचा दिवा घडला ती आपल्याच गावात होती.

संध्याकाळी वॉशिंग्टन स्ट्रीट मॉल. इथे गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे हात धरून सावकाश चालणाऱ्यांची सोय होते. पुढे काँग्रेस हॉल हे १८१६पासूनचं हॉटेल, सध्याची विटांची इमारत १८७९ची. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन उन्हाळ्यात इथून कारभार बघत. नाताळात हॉटेलच्या हिरवळीवर मुलांसाठी मेरी-गो-राउंड आणि छोटी आगगाडी असते. हे बघायला तिकीट लागत नाही, बसायला लागतं. रस्त्यावर गॅसचे दिवे आहेत, तेही खरे.

आता अडचणी. थंडी आकड्यांत फार नाही, दिवसा आठ-नऊ अंश सेल्सिअस आणि रात्री शून्याच्या आसपास, पण वारा झोंबतो. गृहदर्शनाच्या रात्री पोर्चच्या पायऱ्या चढायच्या, रांगेत थांबायचं, उतरायचं, पुन्हा पुढचं घर. गुडघे दुखणाऱ्यांनी ट्रॉलीच घ्यावी. जुन्या घरांतल्या निवासांमध्ये लिफ्ट क्वचितच असते आणि जिने अरुंद, म्हणून खोली घेताना तळमजल्याची आहे का ते फोन करून विचारा. अशा अनेक ठिकाणी लहान मुलांना घेत नाहीत आणि शनिवार-रविवारी दोन रात्रींची अट घालतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोल्या स्वस्त पडतात, पण तेव्हा बरीच हॉटेलं जेवणासाठी बंद असतात. शाकाहाऱ्यांनी पास्ता आणि पिझ्झावर दिवस काढायची तयारी ठेवावी किंवा ठेपल्यांचा डबा सोबत घ्यावा.

दुपारी उन्हं कलताना सनसेट बीचवर जा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो जमिनीवर. कोकण-मुंबईची सवय असलेल्या माणसाला हे सदैव उलटं वाटतं. इथे मात्र किनारा डेलावेअरच्या खाडीकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. आई-बाबांना हे घरांपेक्षाही जास्त आवडण्याची शक्यता आहे.

गॅल्व्हेस्टन

ह्यूस्टनपासून सुमारे पन्नास मैलांवरचं बेट. न्यू जर्सीहून जायचं तर विमान, म्हणजे खर्च आणि दगदग दोन्ही. पण ह्यूस्टनमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत. बहीण, मावसभाऊ, कॉलेजचा मित्र असं कुणी ना कुणी निघतंच, आणि मग राहण्या-जेवणाचा प्रश्न केप मेपेक्षा सोपा होतो.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे 'डिकन्स ऑन द स्ट्रँड' भरतं, व्हिक्टोरियाच्या काळातला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या नावाने. स्ट्रँड हा बंदरालगतचा जुना व्यापारी रस्ता, दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाच्या इमारती. त्या पडीक झाल्या होत्या, तेव्हा लोकांचं लक्ष तिकडे वळवण्यासाठी गॅल्व्हेस्टनच्या वारसा संस्थेने १९७०च्या दशकात हा उत्सव सुरू केला. रस्ते अडवून आत तिकीट लावतात. राणीची मिरवणूक निघते, धुराडी साफ करणारी काळी तोंडं करून फिरतात, कॅरोल गाणारे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असतात, आणि लंडनच्या पोलिसाच्या टोपीत एखादा धिप्पाड टेक्सन टर्कीची तंगडी चावत जाताना दिसतो. हे शेवटचं दृश्य कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतं आणि मला तेच सगळ्यात आवडतं. व्हिक्टोरियन पोशाखात आलात तर तिकीट अर्ध्या दरात. खरं म्हणजे राणीचं राज्य टेक्ससवर कधी नव्हतं, आपल्यावर होतं. त्या हिशोबाने नऊवारी आणि पगडी हाही व्हिक्टोरियाच्या काळातलाच पोशाख. तिकीटखिडकीवर तो धरतात का, ते आधी विचारून घ्या.

इतिहासाच्या कसोटीवर मी गॅल्व्हेस्टनला एक गुण जास्त देईन, जरी गर्दी बघून ते खरं वाटणार नाही. केप मे मुळात उन्हाळी गाव, तर गॅल्व्हेस्टन बारमाही बंदर. कापसाच्या व्यापारावर गब्बर झालेली कुटुंबं इथे वर्षभर राहत आणि नाताळही इथेच करत. वास्तुविशारद निकोलस क्लेटनने बांधलेला बिशप्स पॅलेस (१८९२) आणि १८९५चा मूडी मॅन्शन ही अशीच घरं. आणि धक्क्याला लागलेलं 'एलिसा' हे तीन डोलकाठ्यांचं जहाज १८७७मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये बांधलेलं आहे. उत्सवातला बाकी ब्रिटिशपणा हौसेचा असला तरी एलिसा अस्सल आहे.

हे शहरही मागे पडल्यामुळेच वाचलं. ८ सप्टेंबर १९००च्या चक्रीवादळात किमान सहा हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी जीवितहानी दुसऱ्या कुठल्या नैसर्गिक आपत्तीत झालेली नाही. शहराने सतरा फूट उंच समुद्रभिंत बांधली, तिच्यामागची घरं उचलून खाली भराव घातला, पण तोवर व्यापार ह्यूस्टनकडे निघाला होता. २००८च्या आयक वादळात स्ट्रँडवर पुन्हा पाणी शिरलं. ते कुठवर चढलं होतं हे दाखवणाऱ्या पट्ट्या इमारतींवर लावल्या आहेत, आणि काही माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. लेस आणि टोप्यांच्या गर्दीत त्या शोधून बघा.

स्ट्रँड आणि बावीसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं मोठं भित्तिचित्रही चुकवू नका. गुलामगिरी संपल्याचा हुकूम १९ जून १८६५ला याच शहरात जाहीर झाला, जूनटीन्थ साजरा होतो तो त्यामुळे. कापूस कुणी वेचला, हा प्रश्न या चित्राजवळ टाळता येत नाही. केप मेतही हीच दुसरी बाजू आहे. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमनने १८५२च्या उन्हाळ्यात तिथे काम करून गुलामांच्या सुटकेसाठी पैसे जमवले. तिच्या नावाचं छोटं संग्रहालय लाफायेट स्ट्रीटवर आहे. फिझिकच्या घरानंतर तिथे जा, तिथल्या चकचकीत फर्निचरला थोडा वजनदार संदर्भ मिळतो.

हवा गॅल्व्हेस्टनची बरी. पहिल्या आठवड्यात दिवसा अठरा-वीस अंश, म्हणजे पुण्याची हिवाळी सकाळ संपता संपता असते तसं. मात्र उत्तरेचा वारा आला तर एका रात्रीत स्वेटर घालायची वेळ येते. पार्किंगसाठी सकाळी लवकर पोचा. सलग उभं राहणं खूप होतं आणि बसायच्या जागा कमी. बाळाची ढकलगाडी घेऊन आलेल्यांची कुतरओढ होते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र केप मेच्या शांत दिवाणखान्यांपेक्षा हे शंभरपट आवडेल.

तो शनिवार-रविवार हुकला, तर केवळ नाताळासाठी इतक्या लांब जाऊ नका. मूडी मॅन्शन सजलेला असतो, मूडी गार्डन्समध्ये दिव्यांची रोषणाईही असते, पण ह्यूस्टनमध्ये असाल तरच.

आणि न्यूपोर्ट?

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे महाल या दोन्ही गावांना खिशात घालतील. रेल्वेवर गडगंज झालेल्या व्हँडरबिल्ट घराण्याचा सत्तर खोल्यांचा 'ब्रेकर्स' (१८९५), 'मार्बल हाउस', 'एल्म्स', सगळे नोव्हेंबरच्या मध्यापासून सजवतात. फक्त एवढं लक्षात ठेवा, की मालक मंडळी तिथे उन्हाळ्यातले काही आठवडे यायची आणि नाताळ न्यूयॉर्कला करायची. त्या दालनांतला नाताळ आजचा आहे, देखणा आहे, पण तेव्हाचा नाही. थाट बघायचा असेल तर जा. एडिसनहून गाडीने चार तास तरी लागतील.

माझं म्हणाल तर न्यू जर्सी-फिलाडेल्फियात राहणाऱ्यांनी, सोबत वडीलधारे असतील तर, केप मेच धरावं. आठवड्याच्या मधल्या दिवशी एक रात्र मुक्काम, दिवसा फिझिकचं घर, संध्याकाळी ट्रॉली. मुलं मोठी असतील, ह्यूस्टनला माणसं असतील आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी काढता येत असेल, तर गॅल्व्हेस्टन. दोन्हीकडे २५ तारखेचा दिवस टाळा. वसईचा किंवा वांद्र्याचा नाताळ मनात धरून त्या दिवशी गेलात, तर दुकानं, संग्रहालयं, जेवणाची बहुतेक हॉटेलं सगळं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही असं दिसेल. केप मेतल्या शनिवारच्या गृहदर्शनाला जायचंच असेल, तर त्याची तिकिटं आधी संपतात, तेव्हा तारीख ठरली की आधी ती घ्या आणि मग खोली बघा.