वीस तासांची समाजसेवा: खाडीकाठ, सोसायटीचं खत की पालिका शाळेतलं वाचन?

जूनमध्ये शाळेच्या डायरीत एक ओळ येते: ‘सहावी ते आठवी, समाजसेवा २० तास, एप्रिलपूर्वी पूर्ण करावेत’. जानेवारीपर्यंत ती कुणी वाचत नाही. मग फेब्रुवारीत धावाधाव सुरू होते, एखाद्या रविवारी खाडीवर जाऊन फोटो काढले जातात आणि उरलेल्या तासांसाठी ओळखीतल्या काकांची सही लागते.

ठाणे आणि नवी मुंबईत या वयाच्या मुलांना जमेल असं काम बरंच आहे, पण बहुतेक घरांत निवड तिघांतच होते. एक म्हणजे खाडीकाठची सफाई, दुसरं सोसायटीतलं खत आणि तिसरं लहान मुलांसोबत वाचन. तिन्ही चांगली आहेत. फरक आहे तो एका तासात मूल प्रत्यक्ष हाताने किती मिनिटं काम करतं याचा. तुलना त्याच मापाने केलेली बरी.

आधी नियम नेमका कुणाचा ते पाहा

सहावी ते आठवीसाठी ‘इतके तास भराच’ असा आकडा बोर्डाकडून येत नाही, तो शाळा ठरवते. राज्य मंडळाच्या शाळांत आठवीपर्यंत कार्यानुभव असतो आणि सेवेचं काम बऱ्याचदा त्यात धरलं जातं. आयसीएसईच्या मुलांना दहावीच्या निकालासाठी समाजोपयोगी उत्पादक कामाची श्रेणी लागते, पण ती नववी-दहावीची बाब आहे. सीबीएसईचा ‘सेवा’ उपक्रमही नववीपासूनचा. २०२०च्या शैक्षणिक धोरणातले सहावी ते आठवीचे दहा दप्तराविना दिवस हे स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यासाठी आहेत. शाळेने लेखी मान्य केलं नसेल तर ते या वीस तासांत धरू नका.

आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांचं गणित निराळं आहे. तिथे सेवा तासांपेक्षा मूल काय शिकलं यावर तपासली जाते. सहावीपासून सुरू होणाऱ्या त्यांच्या मधल्या टप्प्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, म्हणजे साधारण आठवी-नववीत, सामुदायिक प्रकल्प असतो. तो एकट्याने किंवा जास्तीत जास्त तिघांच्या गटात करायचा आणि प्रत्येकाने त्यावर साधारण १५ तास द्यायचे. अशा मुलाला एकदाच होणारी सफाई मोहीम फारशी उपयोगी पडत नाही, कारण गरज शोधणं, आखणी, कृती आणि मागे वळून पाहणं या चारही पायऱ्या दाखवाव्या लागतात.

म्हणून वर्गशिक्षकांना तीन गोष्टी आधीच विचारा. प्रवासाचे तास धरतात का? घरच्या सोसायटीतलं काम चालतं का? सही कुणाची लागते? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर खतापुरता खालचा भाग सोडून द्या.

खाडीकाठची सफाई

फोटो सर्वांत सुंदर येतात आणि काम सर्वांत कमी होतं. घोडबंदर रोडवरून ऐरोलीच्या बाजूला जायचं तर जाऊन-येऊन दीड तास जातो. जमणं, सूचना, हातमोजे वाटप यात २५ मिनिटं, बॅनर धरून फोटोत १५ आणि शेवटी पोती बांधून मोजण्यात २०. साडेतीन तासांच्या सकाळीत कचरा उचलणं जेमतेम तासभर होतं.

तरीही जायचं असेल तर तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. द्वितीयेला दोनाचा पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी काठाला लागलेलं आणि ओसरायला दुपार. म्हणून सकाळी सातची मोहीम अमावास्या-पौर्णिमेला किंवा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत ठेवायची. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा फिरतं, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पक्की करा. अष्टमीच्या आसपासच्या रविवारी ठेवलेली मोहीम काठावरच्या रस्त्यावर चहाचे कप गोळा करून संपते.

ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे आणि कांदळवनात वन विभागाच्या परवानगीशिवाय मुलांचा गट उतरवायचा नाही. चिखलातून काड्यांसारखी वर आलेली दिसतात ती तिवराची श्वसनमुळं. त्यांवर पाय पडला की मोडतात. त्यांत अडकलेलं प्लास्टिक किंवा जाळं ओढलं तर मुळासकट हातात येतं. ते मोठ्या माणसाने कात्रीने कापून काढायचं, मुलांनी सुटा कचरा उचलायचा.

पायात गमबूट हवेत. चपला आणि क्रॉक्स पहिल्या पाच मिनिटांत चिखलात राहतात. पायाला जखम असेल तर त्या दिवशी मूल काठावर नोंदी करेल, खाली उतरणार नाही. पावसाळ्यात हा पर्याय बंदच ठेवा, लेप्टोची (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी आहे. गोणीत आठ किलोंपेक्षा जास्त भरू नका, बारा वर्षांच्या मुलाला चिखलातून तेवढंच ओढता येतं. आणि ‘२०० किलो कचरा काढला’ असं लिहिण्याआधी त्यात चिखल किती होता तेही बघा. कापडी चिंध्या ओल्या मोजल्या की आकडा फुगतो.

वीस तासांतले तीन-चार तास इथे ठीक. सगळे वीस इथेच भरायचे तर पाच-सहा रविवार आणि तेवढ्या ओहोट्या जुळाव्या लागतील. ते जुळत नाहीत.

सोसायटीतलं खत

हे काम दिसायला अगदीच साधं, पण हिशेबात सर्वांत भरीव. प्रवास शून्य. रोज १५ मिनिटं धरली तर साठ दिवसांत १५ तास होतात आणि आठवड्याला एकदा उलटापालट, चाळणं, वजन यासाठी पाऊण तास धरला तर वर सहा-सात तास.

चूक होते ती सुरुवातीलाच: अख्ख्या विंगचा कचरा घ्यायचा उत्साह. चार घरं पुरेत. चार घरांतून रोज साधारण दोन किलो ओला कचरा येतो. १०० लिटरचे तीन ड्रम घ्या. बाजूंना बोटाएवढी भोकं चार-चार इंचांवर पाडा, पाडण्याचं काम मोठ्यांचं. ड्रम विटांवर ठेवा आणि तळाला चार इंच नारळाच्या शेंड्या किंवा सुक्या काटक्या घाला. मग एक डबा ओला कचरा, त्यावर दीड ते दोन डबे सुका पाला, असे थर. बसत-बसत एक ड्रम तीन ते चार आठवड्यांत भरतो. तो झाकून ठेवायचा, आठवड्याला एकदा हलवायचा आणि दुसरा सुरू करायचा. भरल्यानंतर पंचेचाळीस ते साठ दिवसांत खत तयार होतं, एका ड्रममधून चाळून साधारण १० ते १२ किलो. खत तयार झालं की त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि भाजीचा तुकडा ओळखू येत नाही.

बिघडतं ते जवळपास नेहमी पाण्याने. मिश्रण मुठीत घेऊन आवळा. हात ओलसर झाला तर ठीक, थेंब गळला तर जास्त ओलं, मूठ उघडताच भुगा सांडला तर जास्त सुकं. ओलं झालं की हवा आत जात नाही, मिश्रण सडतं आणि वास सुटतो. सुकं झालं की मुंग्या येतात. वास आला तर वरून माती टाकून झाकू नका. सगळं उपसा, पाला दुप्पट मिसळा, परत भरा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, त्याही कचराच खातात, पण शेजारच्या काकूंना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. आमटी, तेलकट भाजी, कोळंबीची सालं पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नका. त्याने उंदीर येतात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘उंदीर’ हा शब्द निघाला की ड्रम दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतात.

सुक्या पाल्याचा प्रश्न जून ते सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा खाली पडलेलं पान ओलंच असतं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सात-आठ पोती भरून जिन्याखाली ठेवली तर पावसाळा निभतो. नाहीतर कोकोपीट आणा किंवा सुताराकडचा भुसा घ्या, पण साध्या लाकडाचा. प्लायवूडच्या भुशात डिंक असतो.

दिवाळीत गावाला गेल्यावर ड्रम कोण बघणार, हे कागदावर लिहून दाराला लावा. तीन मुलांचा गट असेल तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून एकट्याने सुरू करू नये.

पालिका शाळेत किंवा वाचनालयात वाचन

तिघांत अवघड हेच. खताला तुमचं मूल कंटाळलं तरी खत रागावत नाही. दुसरी-तिसरीतलं लेकरू शनिवारी वाट बघत बसतं, आणि तुमचा मुलगा क्रिकेटच्या मॅचला गेलेला असतो. म्हणून आधी बारा शनिवार मोकळे आहेत का ते पाहा. नसतील तर सुरूच करू नका.

परवानगीसाठी तुमच्या शाळेचं लेटरहेडवरचं पत्र लागतं, ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटायचं. पालिका शाळा बऱ्याचदा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे सकाळच्या शाळेतल्या मुलाला दुपारचं सत्र सापडतं. पत्र देऊन होकार मिळायला दोन ते चार आठवडे धरा. शाळेत जमत नसेल तर जवळच्या वाचनालयात विचारा. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि ग्रंथालयांची सवय असलेलं हे शहर आहे, कुठेतरी एक कोपरा मिळतो. वाचन नेहमी दार उघडं असलेल्या खोलीत आणि एक मोठं माणूस समोर असताना. मुलांचे फोटो त्यांच्या पालकांच्या होकाराशिवाय काढायचे नाहीत. पाल्याच्या डायरीसाठीसुद्धा नाही.

एका बैठकीला ४० मिनिटं: दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं, पंधरा मिनिटं एक ओळ मोठ्याने आणि तीच ओळ छोट्याने, दहा मिनिटं अडलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या, पाच मिनिटं खेळ. एका मोठ्यामागे दोनच छोटे. पाच झाले की तो वर्ग होतो आणि सातवीतल्या मुलाला वर्ग आवरत नाही.

अडतं कुठे? जोडाक्षरांत, विशेषतः ‘र’च्या. ‘कर्म’ आणि ‘क्रम’, ‘पर्व’ आणि ‘प्रवास’ अशा जोड्या चिठ्ठ्यांवर लिहून शेजारी ठेवल्या की तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. पण आपल्याकडची खरी गंमत अशी की पुष्कळदा शिकवायला आलेल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलालाच ‘ज्ञ’ आणि ‘द्ध’ अडतात, आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी हे तिसरीतलं पोरगं त्याला सांगतं. याची लाज वाटू देऊ नका. घरी आदल्या रात्री २० मिनिटं तेच पुस्तक मोठ्याने वाचायचं. ही तयारी तासांत धरा, बहुतेक शिक्षक मान्य करतात.

हिशेब: बारा बैठकांचे आठ तास, तयारीचे चार. उरलेले आठ दुसरीकडून आणावे लागतील.

बाकीचे पर्याय

गणपतीत कृत्रिम तलावांवर निर्माल्य वेगळं करणं हे चांगलं पूरक काम आहे. दीड आणि पाच दिवसांचं विसर्जन घ्या, संध्याकाळी चार ते सात. अनंत चतुर्दशीला गर्दीत बारा वर्षांचं मूल उभं करू नका. दोरा, जिलेटीन आणि थर्माकोल बाजूला काढलेली दूर्वा-फुलं खताच्या ड्रमला चालतात.

वृद्धाश्रमाची एकच भेट म्हणजे केक, भाषण आणि टाळ्या. दर पंधरा दिवसांनी तासभर पेपर वाचून दाखवायची तयारी असेल तरच जा. सर्दी-खोकला असताना नाही. प्राण्यांच्या आश्रयस्थानात या वयाच्या मुलाने कुत्री हाताळू नयेत, चावा आणि रेबीज हे कारण पुरेसं आहे. जुन्या चादरी गोळा करणं तेवढं होऊ शकतं.

मग कुणी काय घ्यावं

सहावीतल्या मुलाने खत घ्यावं. रोजची सवय लागते, मोठं माणूस दोन मजल्यांवर असतं, आणि चूक झाली तर उपसून पुन्हा भरता येते. सातवी-आठवीत मूल बोलकं असेल आणि शनिवार मोकळे असतील तर वाचन, जोडीला निर्माल्याची दोन संध्याकाळची कामं आणि एक सफाई मोहीम. एवढ्यात वीस तास भरतात. आयबीच्या मुलाला खत सर्वांत सोयीचं, कारण आधी किती कचरा जायचा आणि नंतर किती, हे किलोत दाखवता येतं. त्यासाठी सुरू करण्याआधीचा एक आठवडा स्प्रिंगकाट्यावर कचरा मोजून ठेवा, नंतर तो आकडा कुठून आणणार? खाडी फक्त आवडीसाठी, तासांसाठी नको.

नोंदवहीत प्रत्येक वेळी तारीख, सुरुवात-शेवट, काय केलं आणि किती एवढं लिहा. ‘मदत केली’ असं लिहिलेलं पान शिक्षक परत पाठवतात. ‘१.८ किलो ओला कचरा, दोन डबे पाला, मिश्रण जास्त ओलं, उलटवलं’ असं लिहिलेलं पान परत येत नाही. सही त्याच दिवशी घ्या. मार्चपर्यंत सोसायटीचा सेक्रेटरी बदललेला असतो.