चौदा महिने वापरल्यावर: स्लोचा स्क्रू, टीपीएस आणि वाचलेले साडेअकरा हजार

नोव्हेंबर 2024 मध्ये ही मोटरसायकल सेकंडहँड घेतली. 2018 ची, बीएस 4 (प्रदूषणाचं जुनं मानक), लिक्विड कूल्ड, एकच मालक, मीटर 19 हजारांवर. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना पॉवर-टॉर्कचे आकडे मी सांगायला नकोत. सीट, सस्पेन्शन, ब्रेक यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला फक्त एका स्क्रूबद्दल लिहायचंय: स्लोचा स्क्रू, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन किती वेगाने फिरत राहावं (आयडल) ते ठरवणारा. त्या स्क्रूपायी माझे तीन महिने गेले आणि पसरणी घाटात एकदा जिवाशी गाठ पडली.

पहिले चार महिने मजेत गेले. सातारा-वाई रोजचं जाणंयेणं, ॲव्हरेज 36. मार्चमध्ये सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की दोन-तीनदा बंद पडायला लागलं. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा हे सांगितलं. संध्याकाळी गाडी परत घेताना पोरगा म्हणाला, “स्लो वाढवून दिलाय, आता नाही पडणार बंद.” खरंच सकाळचं बंद पडणं थांबलं आणि मीही खूश झालो.

पंधरा दिवसांत दुसरंच दुखणं सुरू झालं. रेस सोडली तरी आरपीएम 2000 वर लटकून राहायचा आणि सावकाश खाली यायचा. ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा पंखा फिरू लागला की आरपीएम एकदम खचायचा आणि इंजिन बंद. ॲव्हरेज 31 वर आलं. मे महिन्यात पाचगणीहून घाट उतरताना मागे बायको बसलेली, तिसऱ्या गिअरवर वळण आलं, रेस सोडली, आणि गाडी इंजिनावर थांबायच्या ऐवजी पुढेच ढकलत राहिली. ब्रेक दाबून वळण काढलं. पुढे क्लच ओढला तर इंजिन बंद. कठड्याला गाडी लावून आम्ही दोघं दहा मिनिटं नुसते उभे होतो.

त्यानंतर दोन गॅरेजं झाली. एकाने सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलवर टाकला. दुसरा म्हणाला, “दादा, टीपीएस गेलाय. एकटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल.” अंदाज साडेअकरा हजार. मीटर लावून बघितलं का, असं विचारलं तर म्हणाला, लक्षणं सांगतात. न मोजता कुणी साडेअकरा हजार मागावेत, हे मला पटत नाही. बाजारातून 450 रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर आणला आणि रविवारी सकाळी टाकी उचलली.

टीपीएस म्हणजे रेस किती उघडली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगणारा सेन्सर. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाला हवा देणारी नळी, तिच्यातली रेसने उघडणारी झडप म्हणजे बटरफ्लाय, आणि त्या बटरफ्लायच्या दांड्यावर तो बसतो. त्याला तीन वायरी असतात: एकीवर कायम 5 व्होल्ट, एक ग्राउंड आणि तिसरीवर सिग्नल. वायर टोचायची नाही, कारण त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. टाचणी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने रबर सीलमधून हळूच आत सरकवायची. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक टाचणीला, इग्निशन ऑन, इंजिन बंद. रेस फिरवल्यावर ज्या वायरीचा आकडा हलतो ती सिग्नलची.

रेस पूर्ण बंद असताना माझ्या मीटरने 0.81 व्होल्ट दाखवले. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 0.60 ते 0.65 आहे. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, तेव्हा माझा आकडा तुमच्या गाडीला लावू नका.

आकडा जास्त निघाला, म्हणजे सेन्सर गेला असंच मला आधी वाटलं. मग रेस अगदी मुंगीच्या पावलाने उघडत नेली, कारण डिजिटल मीटर आकडा सावकाश बदलतो. 0.81, 1.10, 1.46, 2.05, असं करत 4.3 पर्यंत. कुठे अडखळला नाही, कुठे मध्येच खाली आला नाही. सेन्सरच्या आतली पट्टी झिजली असती तर एखाद्या जागी आकडा नक्की घसरला असता. तीनदा करून पाहिलं. सेन्सर ठणठणीत होता.

मग टॉर्च लावून बटरफ्लायचा स्टॉप स्क्रू, म्हणजे तोच स्लोचा स्क्रू, बघितला. कंपनीतून त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका येतो, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा बॉडीवर, स्क्रू कुणी फिरवला तर लगेच कळावं म्हणून. माझ्या स्क्रूचा ठिपका तुटून जवळजवळ दीड फेरा पुढे गेला होता.

सगळ्याचं मूळ इथे होतं. कार्बुरेटरच्या गाडीत स्लोचा स्क्रू फिरवणं काही चूक नाही. वडिलांच्या स्प्लेंडरचा मी स्वतः हाताने फिरवत आलोय. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो) मात्र तो स्क्रू आत घातला की बटरफ्लाय केसभर उघडी राहते, सोबत टीपीएसचा आकडा चढतो, आणि ईसीयूला वाटतं चालवणाऱ्याने रेस दिलीय. मग तो आयडलचं काम हातात घेतच नाही. घाटात रेस सोडल्यावर जे पेट्रोल तोडायचं ते तोडत नाही, म्हणून इंजिन गाडीला धरत नाही. पंखा सुरू होऊन भार वाढला की आयडल व्हॉल्व्हने जास्त हवा सोडून आरपीएम सावरायचा असतो, तोही गप्प बसतो. माझी सगळी लक्षणं यात बसत होती.

स्क्रू ठिपक्याला ठिपका जुळेपर्यंत मागे घेतला. मीटरवर 0.63. इंजिन सुरू केलं तर 900 वर धडधडून बंद. म्हणजे मार्चमधलं मूळ दुखणं तसंच होतं, त्यावर नुसता स्क्रू फिरवून पांघरूण घातलं होतं. थ्रॉटल बॉडी काढून उजेडात धरली. बटरफ्लायच्या कडेने काळ्या कार्बनचं कडं, आयडलच्या हवेचं भोक निम्मं बुजलेलं. क्लीनर स्प्रे 350 रुपये, जुनी बनियन आणि मऊ ब्रश. मॅन्युअलप्रमाणे बॅटरी जोडून रेसला हात न लावता पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पंखा दोनदा फिरून थांबला, आरपीएम 1400 वर शांत. ॲव्हरेज परत 35-36, आणि पेट्रोल त्याच पंपावरचं.

एक इशारा. माझ्या मॉडेलमध्ये टीपीएसच्या स्क्रूंची भोकं लांबट आहेत, सेन्सर थोडा फिरवून आकडा 0.63 वर आणता येतो. मलाही तसा मोह झाला होता. करू नका. आकडा बरोबर दिसेल, बटरफ्लाय मात्र उघडीच राहील. बीएस 6 आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत टीपीएस, प्रेशर आणि तापमान हे तिन्ही सेन्सर एकाच डबीत असतात. तिथे तर हात घालूच नका, आधी थ्रॉटल बॉडी साफ करा.

जूनमध्ये मी मित्रांना ठासून सांगत होतो की सगळा दोष त्या स्क्रूचाच. जुलैच्या पावसाने ते मत बदलायला लावलं. भिजून आल्यावर गाडी पुन्हा 1900 वर लटकायला लागली. ठिपका जागेवर, तरी मीटरवर 0.73. अर्धा दिवस काही कळेना. मग मीटरचं काळं टोक बॅटरीवरून काढून सेन्सरच्या स्वतःच्या ग्राउंडच्या टाचणीवर लावलं, तर 0.62. मधले 0.11 व्होल्ट कनेक्टरच्या ग्राउंडमध्ये अडकत होते. कनेक्टर उघडला तर त्या पिनेवर हिरवट गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन घासली, डायलेक्ट्रिक ग्रीस भरलं आणि तोंड खाली येईल असं कनेक्टर बांधलं, पाणी साचू नये म्हणून. त्यानंतर पूर्ण पावसाळा काही झालं नाही. तेव्हा आता मी म्हणतो, आधी ग्राउंड, मग कार्बन, मग रेस केबलची ढील, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, तोही फक्त मागे घेण्यासाठी.

ज्या ठिकाणी स्लो वाढवला होता तिथे जाऊन मालकांना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी मान्य केलं, पण सर्व्हिसचे पैसे परत दिले नाहीत. मला पैशांपेक्षा घाटातलं ते वळण जास्त लागलंय. आता सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर “स्लोच्या स्क्रूला हात लावू नये” असं स्वतःच्या हाताने लिहितो आणि गाडी परत घेताना ठिपका बघितल्याशिवाय सही करत नाही.

गाडी घ्यावी का? घ्या. सेकंडहँड बघायला जाल तेव्हा इंजिन गरम होऊ द्या, रेस मारून सोडा आणि आरपीएम किती पटकन खाली येतो ते बघा. मग टॉर्च घेऊन तो पांढरा ठिपका शोधा. तुटलेला असेल तर किमतीत त्याप्रमाणे घासाघीस करा. माझ्या सीटखाली टेपची पट्टी चिकटवलीय, दर दोन महिन्यांनी तिच्यावर आकडा लिहितो. कालचा आकडा 0.63.