रस्त्याकडेचा पेस्ट्री स्टॉल: काही महिन्यांच्या अनुभवानंतर, मुख्यतः बुडाविषयी

गावाबाहेरच्या रस्त्यालगत लाकडी फळ्यांवर मांडल्या जाणाऱ्या या लोण्याच्या, पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीविषयी कोणाशीही बोलावे, तर बोलणे लगेच पाटीवरच्या नव्या पदार्थाकडे वळते: चेरीत काळी मिरी घातली, प्लम तमालपत्राच्या पाकात शिजवले, लाल भोपळा भाजून त्यावर करपण्याच्या बेतापर्यंत परतलेला कांदा पसरला. हे कौतुक योग्य आहे आणि पुढे मीही ते करणार आहे. परंतु कित्येक महिने नियमाने खरेदी केल्यानंतर मला प्रथम लिहावेसे वाटते ते पेस्ट्रीच्या बुडाविषयी. वरच्या बाजूवर एवढी बुद्धी खर्च करणाऱ्यांनी खालच्या बाजूकडे इतके दुर्लक्ष का करावे, हे कोडे मला बरेच दिवस पडलेले होते, आणि गेल्या आठवड्यात डब्याच्या तळाला चिकटलेली पेस्ट्री चमच्याने खरवडून काढावी लागली तेव्हा त्या कोड्याची तक्रार झाली.

पिठाच्या कामात मात्र खोट काढता येणार नाही. लाटलेल्या पिठात लोण्याची लादी बंद करून तिला तीन पदरी घडी घालायची, थंड करायचे, पुन्हा लाटायचे, अशी घडी तीनदा घातली की लोण्याचे 27 थर होतात. हे थर एकमेकांत न मिसळता भट्टीपर्यंत पोहोचले, तरच पेस्ट्रीचे पदर सुटतात. लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सियसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते, त्यामुळे पीठ फुगायला ठेवण्याची जागा 26-27 अंशांच्या वर गेली की काम बिघडू लागते. ऐन उन्हाळ्यातही या स्टॉलच्या पेस्ट्रीचे पदर मोजता येतील इतके स्वच्छ सुटलेले असत, यावरून ही मंडळी पहाटे किती लवकर कामाला लागत असतील याचा अंदाज येतो. कापल्यावर आतली जाळी मोठी आणि मोकळी दिसते, लोण्याचा वास खरा असतो, आणि भट्टीतून काढताना रंगाची भीती बाळगलेली नसते. फिकट, अर्धीकच्ची पेस्ट्री विकण्याची सवय जिथे तिथे दिसते. येथे गडद तपकिरी रंग येईपर्यंत थांबतात, याबद्दल त्यांना पूर्ण गुण दिले पाहिजेत.

एवढे असूनही घरी आणून डबा उघडला की बूड ओले. कडा कुरकुरीत, मधला भाग चांगला, आणि खालचा पदर मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

उन्हाळ्यात मी याचा दोष फळांना दिला होता. पीचमध्ये 89 टक्क्यांच्या आसपास पाणी असते, प्लममध्ये 87 च्या आसपास, चेरीत थोडे कमी. त्यावर साखर पडली की फळ पाणी सोडू लागते आणि ते पाणी खाली जाणार हे उघड आहे. यावरचे उपाय बेकरीच्या धंद्यातील कोणालाही ठाऊक असतात. फळ आधी भाजून किंवा शिजवून त्याचे पाणी कमी करावे, किंवा फळाखाली बदामाची पूड, लोणी, साखर आणि अंडे यांच्या मिश्रणाचा थर द्यावा. हा थर भट्टीत रस शोषून घेतो आणि खालच्या पिठापर्यंत त्याला पोहोचू देत नाही. स्टॉलवर दुसरा उपाय करत होते, हे मला पेस्ट्री उभी चिरल्यावर दिसले. थर होता, जाडही होता, आणि त्याच्या खालचे पीठ तरीही ओले होते.

याच ठिकाणी त्यांच्या एका शहाणपणाची नोंद करतो. उन्हाळ्याचे तीन महिने त्यांनी अंड्याच्या कस्टर्डची एकही पेस्ट्री ठेवली नाही. स्टॉलवर फ्रीज नाही, आणि दूध-अंड्याचे पदार्थ उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत हा सर्वमान्य नियम आहे. गिऱ्हाईक कस्टर्ड मागत असतानाही ते नाही म्हणत राहिले आणि त्या जागी बदामाचे सारण आणले, जे पूर्ण भाजले जात असल्यामुळे बाहेर टिकते. पीच आणि बेझिलची पेस्ट्री या अडचणीतूनच जन्मली असावी, आणि माझ्या मते ती या वर्षातली त्यांची सर्वोत्तम निर्मिती होती: बेझिलची पाने भाजण्यापूर्वी न घालता, भट्टीतून काढल्यावर गरम फळावर चिरून टाकलेली, त्यामुळे वास जळत नाही आणि पानही काळे पडत नाही.

शरद ऋतूत सफरचंद आणि पेअर आले. सफरचंदात पेक्टिन भरपूर असते, शिजवून आटवले की त्याचा रस आपोआप दाटतो आणि वाहत नाही. त्यामुळे आता बुडाचा प्रश्न सुटेल अशी माझी अपेक्षा होती. सुटला नाही. मग भोपळा-कांद्याची पेस्ट्री आली, ज्यात भोपळा इतका कोरडा भाजलेला होता की त्याच्या कडा चिवट झाल्या होत्या. तिचेही बूड घरी येईपर्यंत लिबलिबीत. हिवाळ्यात संत्र्याच्या साली पाकवून त्यांवर कडू चॉकलेट घातलेली पेस्ट्री सुरू झाली. पाकवलेल्या सालीत वाहण्याजोगा रस उरत नाही आणि चॉकलेटमध्ये तर पाणी जवळजवळ नसतेच. तिचेही बूड ओले निघाले तेव्हा फळांची निर्दोष मुक्तता करणे भाग पडले.

दुसरा संशय भट्टीवर होता. वर सारण असलेली पेस्ट्री मधोमध सावकाश भाजली जाते, आणि खालून पुरेशी आच नसेल तर वरचा रंग पाहून फसगत होते. हा संशय एका सकाळी तिथेच उभे राहून खाल्ल्यामुळे फिटला. जाळीवरून थेट हातात घेतलेल्या त्या पेस्ट्रीचे बूड इतके खमंग आणि कडक होते की खालच्या पदराचा चुरा पार बाहीवर सांडला. तीच पेस्ट्री, त्याच घाण्यातली, डब्यात घालून घरी नेली तेव्हा पुन्हा तोच प्रकार.

म्हणजे दोष डब्याचा. डबा दिसायला सुरेख आहे, जाड पुठ्ठ्याचा, आतून मेणाचा हात दिलेला, झाकणाला पारदर्शक खिडकी. सकाळी रांग लागलेली असते, त्यामुळे पेस्ट्री कोमट असतानाच आत जाते. आणि पेस्ट्रीचे काम भट्टीबाहेर आल्यावर संपत नाही. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते. भट्टीत त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिच्या रेट्याने पदर एकमेकांपासून सुटतात, आणि बाहेर काढल्यानंतरही आतला ओलावा बराच वेळ बाहेरच्या कोरड्या कवचाकडे सरकत राहतो. म्हणून जाळीवर ठेवायचे असते, खालूनही हवा लागावी म्हणून. मेण लावलेल्या बंद डब्यात हा ओलावा जाणार कुठे? थोडा खिडकीवर जमतो, आणि उरलेला पेस्ट्री आणि पुठ्ठा यांच्यामध्ये अडकतो, जिथून सुटायला त्याला कोणतीही वाट नाही. याच झाकणावर बारीक अक्षरांत या पेस्ट्रीचा इतिहास छापलेला आहे: 1850 साली डेन्मार्कमध्ये बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणले, आणि त्यांच्या हातची पदरांची पेस्ट्री तिथे रुजली. इतिहासाला झाकणावर जागा मिळाली, वाफेला एक भोकही मिळाले नाही.

मी हे स्टॉलवर सांगितले. पहिल्यांदा सांगितले तेव्हा काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, घरी गेल्या गेल्या खायची असते ती." दुसऱ्यांदा साध्या कागदी पिशवीत मागितली, तर पिशवीत पेस्ट्री दबते आणि मग लोक तक्रार करतात, असे उत्तर मिळाले, ते खोटे नाही. तिसऱ्यांदा मी घरचा डबा घेऊन गेलो, ज्याच्या तळाशी बारीक जाळी बसवलेली आहे. त्यावर स्वच्छतेचा मुद्दा निघाला. रांगेतले लोक ऐकत होते, मागे एक लहान मूल भोपळ्याची पेस्ट्री हवी म्हणून रडत होते, आणि शेवटी त्यांनी चिमट्याने पेस्ट्री उचलून माझ्या डब्यात ठेवली. मी विचारले, मग पुठ्ठ्याच्या डब्याचे पैसे वजा होतील का? त्या म्हणाल्या, डबा फुकट आहे. फुकट डबा आणि इतकी महाग पेस्ट्री यांचा हिशेब माझ्या मनात जुळत नाही. तो जाड, छापील डबा कोणाच्या खिशातून येतो हे समजायला व्यापारशास्त्राची पदवी लागत नाही. घरच्या डब्यातून आणलेल्या पेस्ट्रीचे बूड मात्र दुपारपर्यंत कडक राहिले.

हा मजकूर येथवर लिहून बाजूला ठेवला होता, तेवढ्यात स्टॉलवर दोन बदल झाले आणि त्यांची नोंद न करणे अन्यायाचे ठरेल. एक, डब्याच्या दोन बाजूंना आता गोल छिद्रे आहेत. खिडकीवर वाफ जमणे त्यामुळे थांबले आणि वरचे पदर पूर्वीपेक्षा निश्चित चांगले राहतात. बुडाला फरक पडला, पण अर्धाच, कारण पेस्ट्री अजूनही सपाट पुठ्ठ्यावरच बसते आणि तिच्या खालून हवा फिरत नाही. तळाशी पन्हळी कागदाचा एक तुकडा टाकला तर उरलेला अर्धा प्रश्नही मिटावा. हे मी त्यांना सांगितले आहे. या वेळी बाईंनी ऐकून घेतले आणि लिहूनही घेतले.

दुसरा बदल माझ्यासारख्या काटकसरी माणसाला फार सुखावणारा आहे. आदल्या दिवशी उरलेल्या साध्या पेस्ट्री ते आता आडव्या चिरतात, पाकात हलक्या भिजवतात, आत-बाहेर बदामाचे सारण लावून पुन्हा भाजतात, आणि ताज्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत विकतात. ही युक्ती बेकऱ्यांमध्ये जुनीच आहे, परंतु येथे सारणात त्या-त्या ऋतूच्या फळांचे आटवलेले उरलेसुरले घालतात, त्यामुळे दर आठवड्याला चव वेगळी लागते. शिवाय दोनदा भाजल्यामुळे तिचे बूड जवळजवळ बिस्किटासारखे होते आणि त्या डब्यातही तग धरते. ताजी पेस्ट्री डब्यात मऊ पडावी आणि शिळी कडक राहावी, हा उलटा न्याय मला मान्य आहे, कारण तो स्वस्त आहे.

घरी मऊ पडलेल्या पेस्ट्रीचे काय करावे, हे मला अनेकांनी विचारले आहे. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. तो आतले पाणी तापवतो आणि उरलेसुरले कवचही वाफाळून टाकतो. ओव्हन 160 अंशांवर तापवून, जाळीवर ठेवून, सहा ते आठ मिनिटे पुरतात. फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नये. पाव शिळा होणे म्हणजे नुसते वाळणे नव्हे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्येच दाखवले होते: ओलावा जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो आणि तापवल्यावर बराचसा ताजा होतो. त्यामागे पिठातल्या स्टार्चची पुन्हा घट्ट होण्याची प्रवृत्ती असते, आणि फ्रीजच्या थंडीत ती सर्वांत वेगाने चालते. साधी पेस्ट्री दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचीच असेल तर फ्रीझरमध्ये ठेवावी आणि तिथून थेट ओव्हनमध्ये घालावी. कस्टर्डच्या पेस्ट्रीला हा मार्ग नाही, ती त्याच दिवशी संपवावी.

कोणी विचारले तर मी या स्टॉलवर जायला सांगेन, सकाळी लवकर जायला सांगेन, आणि शक्य असेल तर पहिली पेस्ट्री तिथेच उभ्याने खायला सांगेन. पेअर आणि तपकिरी लोण्याची पेस्ट्री मिळाली तर सोडू नये. संत्र्याच्या सालीची घेतली नाही तरी चालेल, तीत चॉकलेट फार पुढे येते. शुक्रवारी मी पुन्हा जाणार आहे, जाळीचा डबा घेऊनच. तोवर पन्हळी कागद आला असेल तर उत्तम. नसेल, तर पुठ्ठ्याच्या डब्याच्या पैशांचा विषय मी पुन्हा काढणार आहे.