इफ्फीत तारे बघायचे तर रेड कार्पेट सोडा

निव्वळ नट-नट्या बघायला इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जावं का? जावं, फक्त रेड कार्पेटच्या भरवशावर जाऊ नये. २००४ पासून महोत्सव गोव्यात आहे आणि तारखा बहुतेक ठरलेल्या, २० ते २८ नोव्हेंबर. एकच दिवस हाताशी असेल तर तो कुठला आणि कुठे घालवायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी प्रवेशाचं कार्ड. डेलिगेट नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क कर धरून हजार-बाराशेच्या घरात. नोंदणी वेळेत केली तरी छापील कार्ड पणजीत काउंटरवरून घ्यावं लागतं, आणि पहिले दोन दिवस तिथे चांगलीच रांग असते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. मुंबईहून कोकणकन्येने येणारे करमळीला उतरतात. तिथून पणजी १०-१२ किलोमीटर. कार्ड हातात पडेपर्यंत सकाळचा पहिला खेळ गेलाच म्हणून समजा.

आता रेड कार्पेट. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात आयनॉक्स चित्रपटगृहासमोर ते अंथरलेलं असतं. संध्याकाळच्या खास प्रीमियरला कलाकार तिथून आत जातात. अडचण अशी की कार्पेटलगतची जागा छायाचित्रकार आणि कॅमेरावाल्यांची. आपण अडथळ्यांमागे, आपल्या पुढे वर धरलेल्या मोबाइलची भिंत. गाडी ठरल्या वेळेला येत नाही; पाऊण तास उशीर नेहमीचाच. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मग झूम करून काढलेल्या फोटोत चेहऱ्याऐवजी पांढरा डाग येतो. झूम न करता व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातलं एखादं चित्र उचला, हे त्यातल्या त्यात बरं. तासभर उभं राहून वीस सेकंदांचं दर्शन. पाचपैकी दोन गुण, तेही रोषणाईसाठी.

उद्घाटन आणि समारोपाला नावाजलेले चेहरे सर्वांत जास्त असतात, पण डेलिगेट कार्डावर तिथे प्रवेश गृहीत धरू नका, वेगळी निमंत्रणं असतात. हे सोहळे जिथे होतात त्या ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमबाहेर थांबलात तर गाडीच्या काळ्या काचा तेवढ्या दिसतील. २०२५ चं उद्घाटन याला अपवाद: ते जुन्या गोमेकॉसमोर रस्त्यावरच झालं, चित्ररथांच्या मिरवणुकीसह.

खरा माल कला अकादमीत आहे. आयनॉक्सपासून मांडवीच्या कडेने कांपालच्या दिशेने चालत गेलं तर दहा मिनिटंही लागत नाहीत. चार्ल्स कोरियांची ही वास्तू, आणि मुख्य नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं. मास्टरक्लास आणि मुलाखती इथे होतात. २०२३ साली हॉलिवूडचे अभिनेते मायकल डग्लस इथेच बोलले. २०२४ साली लता मंगेशकर स्मृती व्याख्यान ए. आर. रहमान यांनी दिलं. कार्पेटवर पळत जाणारा माणूस इथे तासभर समोर बसलेला असतो. कपाळ पुसतो, पाणी पितो, प्रश्न आवडला नाही की माइक उगाच या हातातून त्या हातात घेतो. मोठ्या नावाच्या सत्राला निदान चाळीस मिनिटं आधी पोचा. पुढच्या रांगा राखीव असतात, त्यामुळे मधल्या वाटेलगतची खुर्ची धरा. पाहुणे बहुधा तिथूनच ये-जा करतात. एसी कडक असतो, बाहेर घाम आणि आत हुडहुडी. शाल हवीच. साडेचार गुण.

मराठी प्रेक्षकाने इंडियन पॅनोरमा, म्हणजे निवडक भारतीय चित्रपटांचा विभागही सोडू नये. खेळाआधी चित्रपटाची मंडळी मंचावर येतात, सत्कार होतो, दोन शब्द बोलतात. उशिरा शिरलात तर नेमकं हेच हुकतं, वर अंधारात लोकांचे पाय तुडवावे लागतात. खेळ संपल्यावर तीच मंडळी बाहेर आवारात चहाचा कागदी कप घेऊन उभी दिसतात. बोलायचं तर तेव्हा. चित्रपट बघून एक नेमका प्रश्न विचारला की पाच मिनिटं सहज मिळतात. थेट ‘सर, सेल्फी’ म्हटलं की पाच सेकंद.

तिकिटं ऑनलाइन आधी राखावी लागतात आणि गाजलेल्या नावांची भराभर संपतात. ‘फुल्ल’ दिसलं तरी निराश होऊ नका, न आलेल्यांच्या खुर्च्या रश लाइनमधल्यांना, म्हणजे तिकिटाविना दारात रांग लावणाऱ्यांना मिळतात. मात्र आयनॉक्स पणजीचं तिकीट आहे की पर्वरीचं, ते नीट वाचा. पर्वरी मांडवीपलीकडे आहे, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत पुलावर अडकलात की सत्र गेलं. एका दिवसासाठी पर्वरी घेऊच नये.

मिरामारच्या पंचतारांकित हॉटेलात चित्रपट-व्यवसायातल्या लोकांसाठी फिल्म बाजार (२०२५ पासून ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो. तिथे बरेच दिग्दर्शक-निर्माते भेटतात, पण बाजाराचा बिल्ला वेगळा आणि महाग. केवळ चेहरे बघायला तो खर्च परवडत नाही.

दुपारी आवारातल्या स्टॉलवर पैसे घालवण्यापेक्षा गावात शिरा. कॅफे तातो किंवा कॅफे भोसलेत भाजी-पाव आणि बन खाऊन परत यायला तास पुरतो. जवळच्या अंतराला पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला, सर्वांत सोयीचा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर कदंबा, म्हणजे सरकारी बस, मिळेल या आशेवर राहू नका. मुक्काम पणजीबाहेर असेल तर टॅक्सीवाल्याशी दुपारीच भाडं बोलून ठेवा.